जुन्या जीपगाडीच्या इंजिनाचा आवाज व विजेचे दोष कसे ओळखावे

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील पुष्कळ खातेदारांच्या दारांत आज ट्रॅक्टराशेजारीं एखादी जीपच्या जातीची मोटार उभी असते, आणि ती बहुधा जुनी असते. मोंढ्यांत सोयाबीनचा नमुना घेऊन जावयाचें, मृगापूर्वीं बियाणें व खताचीं पोतीं आणावयाचीं, मुलांस शिकवणीच्या वर्गांकरितां लातुरास पोंचवावयाचें, रात्रीं-अपरात्रीं दुखणाइतास नांदेडच्या इस्पितळांत न्यावयाचें, हीं सर्व कामें तीच करिते. ट्रॅक्टर बंद पडला तर शेजाऱ्याचा भाड्यानें मिळतो. परंतु मध्यरात्रीं मुखेडकडील डोंगरांत गाडीचा सेल्फ फिरेनासा झाला म्हणजे काय अवस्था होते, हें ज्याच्यावर प्रसंग आला त्यासच ठाऊक. म्हणून अशा गाडीच्या इंजिनाचा आवाज व तिच्या विजेचे दोष घरच्या घरीं कसे ओळखावे, याविषयीं कांहीं उपयुक्त माहिती या लेखांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या भागांत ज्या जुन्या गाड्या दिसतात त्या मुख्यतः तीन प्रकारच्या. टाटांची सुमो १९९४ सालीं निघाली व २०१९ सालीं तिचें उत्पादन थांबलें. महिंद्रांची बोलेरो २००० सालीं आली आणि स्कॉर्पिओ २००२ सालीं. या तिन्ही गाड्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेल्या असल्यामुळें पाणंदीचा मार सोसतात. त्यांचे सुटे भाग तालुक्याच्या गांवीं मिळतात, आणि त्यांची खोल-बांध करणारा मिस्त्री तर बाजाराच्या प्रत्येक गांवीं आहे. पंधरा-वीस वर्षांच्या गाड्या अजून टिकून आहेत त्या याच कारणानें. त्यांचें डिझेलचें इंजिन नवें असतांनाही खडखडत असे. त्यामुळें मालकाच्या कानास खडखडाटाची संवय होऊन जाते व नवा आवाज केव्हां मिसळला तें पुष्कळदां त्याच्या ध्यानांतच येत नाहीं.

ध्यानांत आला म्हणजे गाडी मिस्त्र्याकडे जाते आणि बरेचदां निकाल मिळतो कीं, इंजिन बांधावें लागेल. इंजिन बांधणें म्हणजे तें खालीं उतरवून लायनर, पिस्टन, रिंगा व बेअरिंगें बदलणें. या कामाचा खर्च लहान खातेदाराच्या एका हंगामाचा नफा गिळून टाकतो. आणि इतकें करूनही आवाज तसाच राहिला, शेवटीं दोष एका नोझलांत किंवा पट्ट्याच्या कप्पींत निघाला, असे प्रकार घडतात. याच्या उलट प्रकार अधिक वाईट. खरोखरच बेअरिंग ठोकत असतां "मोंढ्याचें काम उरकूं द्या, मग पाहूं" म्हणून गाडी चालविली जाते आणि जें काम बेअरिंगांवर भागलें असतें त्यांत क्रँकही जातो. यांत मिस्त्र्यांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. गाडी त्यांच्यापुढें येते तेव्हां ती तापलेली असते, दुकानांत चार गाड्यांचा गलका असतो, आणि मालकास विचारावें तर "आवाज येतो" याहून अधिक उत्तर मिळत नाहीं. तेव्हां मालकानें स्वतः थोडी परीक्षा करून नेमकें उत्तर घेऊन जाणें हाच यावर उपाय आहे.

परीक्षा नेहमीं सकाळीं, गाडी रात्रभर उभी राहून थंड झालेली असतां करावी. प्रथम इंजिन सुरू न करितां बॉनेट उघडून तेलाची काडी ओढून पाहावी व रेडिएटरांतील पाणी पाहावें. मग गाडी सुरू करून आवाज केव्हां येतो तें पाहावें: थंडपणीं येऊन तापल्यावर जातो, कीं तापल्यावरच येतो, उभ्या गाडींत येतो कीं चालत्याच, इंजिन जोरानें फिरविल्यास वाढतो कीं चाकांच्या वेगाबरोबर वाढतो. उभ्या गाडींत मुळींच न येणारा व चाकांच्या वेगाबरोबर वाढणारा आवाज हा इंजिनाचा नसतो. तो चाकाच्या बेअरिंगाचा, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा किंवा मागील डिफरेन्शियलचा असतो. त्याकरितां इंजिनास हात लावण्याचें कारण नाहीं. उभ्या गाडींत क्लच दाबतांच घरघर सुरू होत असेल तर क्लचचें बेअरिंग गेलें असें समजावें. क्लच दाबल्यावर घरघर थांबत असेल तर ती गिअरपेटीची. गाडी सुरू करितांना व बंद करितांना एकदांच धक्का बसून आवाज होत असेल तर इंजिनाखालचीं रबरी माउंटिंगें पाहावीं. थंड इंजिनांत थोडा ठोका येऊन पांच-दहा मिनिटांत नाहींसा होणें हें झिजलेल्या पिस्टनाचें लक्षण आहे. तो आवाज मोठा नसेल व तेल जळत नसेल तर अशी गाडी पुष्कळ दिवस चालते. तिच्यासाठीं घाई नको.

आवाजाची जागा शोधण्यास लांब पेचकस पुरतो. त्याचें टोंक इंजिनाच्या निरनिराळ्या भागांवर टेकवून मूठ कानाच्या मागच्या हाडाशीं धरली म्हणजे त्या भागाचा आवाज स्वच्छ ऐकूं येतो. लांकडाची सरळ काठीही चालते. मात्र फिरत्या पंख्याजवळ हें काम करावयाचें असल्यामुळें उपरणें, धोतराचा सोगा, सैल बाही किंवा गळ्यांतील माळ लोंबती ठेवूं नये. हें लिहिण्याचें कारण, पट्ट्यांत कापड सांपडून बोटें गमावल्याचीं उदाहरणें ट्रॅक्टरावर व कडबा कापण्याच्या यंत्रावर सर्वांनीं पाहिलीं आहेत. मोटारीचा पंखा त्याहून दयाळू नाहीं.

सर्वांत आधीं पट्ट्याची परीक्षा करावी, कारण ती फुकट आहे. सुरू करितांच किंवा दिवे लावतांच चीं-चीं असा किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर चालत्या पट्ट्यावर थोडें पाणी शिंपडावें. पाण्यानें आवाज क्षणभर थांबला किंवा बदलला तर पट्टा सैल अथवा कडक झालेला आहे. घरघर किंवा खरखर असेल तर इंजिन बंद करून पट्टा उतरवावा आणि इंजिन केवळ एक मिनिट चालवावें. आवाज गेला तर इंजिन निर्दोष. दोष पट्ट्यावर फिरणाऱ्या वस्तूंत आहे. मग अल्टरनेटर, पाण्याचा पंप व ताण देणारी कप्पी एक एक हातानें फिरवून पाहावी. जी खरखरते किंवा डुगडुगते ती गुन्हेगार. पाण्याच्या पंपाखालीं ओल किंवा पांढरट डाग असतील तर पंप बदलण्यास विलंब करूं नये.

या ठिकाणीं एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. पुष्कळ जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकास जोर देणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीस बसविलेला असतो. अशा गाडीचा पट्टा सैल झाला म्हणजे बॅटरी भरत नाहीं एवढेंच नव्हे, तर ब्रेकही जड होतो. दिवे मंद होणें व ब्रेकला पाय जास्त लावावा लागणें हीं दोन दुखणीं वेगवेगळीं वाटतात, परंतु मूळ एकच असूं शकतें. त्या पंपास तेल नेणारी नळी गळत असेल तर तेल अल्टरनेटरांत शिरून त्याची वीज बंद पडते. नवा अल्टरनेटर बसविला तरी नळी न बदलल्यास थोड्याच दिवसांत तोही जातो. पट्टा उतरवून घेतलेल्या परीक्षेच्या वेळीं गाडी जागची हलवूं नये, हें यावरून कळेलच.

पट्टा निर्दोष ठरल्यावर इंजिनाच्या वरच्या अंगाकडे वळावें. झांकणाखालून टिक्-टिक् असा हलका, बारीक व नियमित आवाज आला तर तो टॅपेटांचा. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकाच्या निम्म्या गतीनें फिरतो, म्हणून हा आवाज इंजिनाच्या एकंदर खडखडाटाच्या मानानें संथ लागतो. टॅपेटांतील अंतर पातीनें मोजून पुस्तिकेंत दिल्याप्रमाणें बसविलें कीं तो जातो. काम थोडक्या वेळाचें आहे. असाच टिक्-टिक् आवाज थंड इंजिनांत येऊन तापल्यावर कमी होत असेल, व जवळ काजळीचे काळे डाग असतील, तर सायलेन्सरची नळी ज्या ठिकाणीं इंजिनास जोडली आहे तेथील गॅस्केट फुटलें आहे. हा धूर गाडींत शिरतो व विषारी असतो, सबब त्याची हयगय करूं नये.

आतां मुख्य प्रश्न. खाडकन् ठोकणारा मोठा आवाज नोझलाचा कीं बेअरिंगाचा? इंजिन बांधावयाचें कीं नाहीं हें येथें ठरतें, आणि घाईनें दिलेला निकाल याच ठिकाणीं सर्वांत महाग पडतो. नोझल बिघडलें म्हणजे डिझेल फवाऱ्यानें न पडतां थेंबांनीं पडतें व अवेळीं पेट घेतें. त्यामुळें हातोडीनें ऐरणीवर मारल्यासारखा कडक, धातूचा आवाज येतो. तो इंजिन मंद चालतांनाही येतो व त्याबरोबर बहुधा काळा किंवा पांढरा धूर असतो. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगाचा ठोका जड व खोल, इंजिनाच्या खालच्या अंगांतून येणारा असतो. तो तेल तापून पातळ झाल्यावर वाढतो, चढावर किंवा ओझ्याखालीं वाढतो, आणि त्याबरोबर तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा मंद गतींत मिणमिणूं लागतो.

जुन्या पद्धतीचा पंप असलेल्या इंजिनांत आवाज कोणत्या सिलिंडरचा हें मिस्त्री एका युक्तीनें काढतो. इंजिन मंद चालूं ठेवून एकेका नोझलाकडे जाणाऱ्या नळीचें नट अर्धा आटा सैल करावयाचें. त्या सिलिंडरचें डिझेल बंद होतें, आणि आवाज त्याचाच असेल तर तो थांबतो किंवा कमी होतो. हें काम नळीवर चिंधी धरून व डोळे सांभाळून करावें, आणि फवाऱ्यापुढें हात कधींही नेऊं नये. त्या दाबाचें डिझेल कातडींतून आंत शिरतें व हात कापण्याची पाळी येते. परंतु येथें पुष्कळ जण फसतात. आवाज थांबला म्हणजे नोझल खराब, असें लगेच म्हणतां येत नाहीं; कारण सिलिंडरवरील जोर गेल्यावर बेअरिंगाचा ठोकाही कमी होतो. या युक्तीनें सिलिंडर कळतो, दोष कळत नाहीं. दोष कळण्यास त्या सिलिंडरचें नोझल काढून शेजारच्या सिलिंडरांत बसवावें व शेजारचें येथें आणावें. तांब्याचे वायसर नवे घालावे. आवाज नोझलाबरोबर शेजारीं गेला तर दोष नोझलाचा. तें दुकानांत तपासून बदलावें, काम संपलें. आवाज जागचा हलला नाहीं तर मात्र खालचें झांकण उतरवून बेअरिंग पाहिलें पाहिजे. "इंजिन बांधा" असा सल्ला मिळाल्यास मालकानें एवढी एक अदलाबदल करून पाहण्याचा आग्रह अवश्य धरावा. मिस्त्री जाणता असेल तर तो यास नाहीं म्हणणार नाहीं.

तेलाची काडी या प्रश्नांत मोठी साक्ष देते. तेल न घालतां काडीवरची पातळी वाढत असेल व तेलास डिझेलचा वास येत असेल, तर पंपाच्या सीलांतून किंवा नोझलांतून डिझेल तेलांत उतरत आहे. पातळ झालेलें तेल बेअरिंगांस पुरत नाहीं. आज ठोका नसला तरी उद्यां येईल. आधीं गळती बंद करावी व मग तेल बदलावें. तेल दुधासारखें पांढरट झालें असेल तर त्यांत पाणी गेलें आहे. आणि तेलाचा तांबडा दिवा चालतां चालतां लागला तर रस्त्याच्या कडेस ताबडतोब इंजिन बंद करावें. पुढें दोन कोसांवर गांव आहे, तेथवर जाऊं, असें म्हणूं नये. काडीवर तेल बरोबर असल्यास दिव्याची तार किंवा बटण खराब असणें शक्य आहे, परंतु तें मिस्त्र्यानें बटणाच्या जागीं दाबाचें घड्याळ लावून ठरवावें.

आपल्या भागांत इंजिनाच्या दुखण्याचें एक मोठें कारण पाणी हें आहे. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातुरास पिण्याचें पाणी मिरजेहून आगगाडीनें आणावें लागलें होतें. अशा मुलखांत रेडिएटरांत शुद्ध केलेलें पाणी व कूलंट घाला असें सांगणें थोडें विचित्र वाटेल. तरीही सांगितलें पाहिजे. खोल बोअरच्या पाण्यांत क्षार असतात. ते ज्याप्रमाणें पाणी तापविण्याच्या भांड्यास आंतून पांढरा थर आणतात, त्याचप्रमाणें रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवितात. मग अहमदपूर-लोह्याच्या बाजूस मे महिन्यांत ओझें घेऊन जातांना इंजिन उकळतें, हेड वांकतें व गॅस्केट जातें. थंड इंजिनांत रेडिएटरचें झांकण काढून गाडी सुरू केल्यावर पाण्यांत बुडबुडे सतत येत राहिले तर गॅस्केट गेलें असें समजावें. झांकण तापल्या इंजिनावर उघडूं नये. एका गाडीस वर्षांतून दहा-बारा लिटर शुद्ध पाणी पुष्कळ झालें. तें बोअरवर अवलंबून नाहीं, दुकानांत मिळतें.

विजेच्या दोषांकडे वळतांना आम्ही प्रथम एवढेंच सांगूं कीं, सेल्फ फिरत नाहीं म्हणून नवी बॅटरी घेणाऱ्यांपैकीं पुष्कळांस तिची गरज नसते. एक साधा मल्टिमीटर व १२ व्होल्टचा एक लहान दिवा दोन तारा जोडून, इतकें साहित्य घरांत असावें. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळीं बॅटरीच्या दोन टोंकांवर मीटर लावावा. १२.६ व्होल्ट दाखविल्यास बॅटरी भरलेली आहे; १२.४ असल्यास सुमारें पाऊण. १२ किंवा त्याखालीं असल्यास जवळ जवळ रिकामी. मग दुसऱ्या माणसास सेल्फ मारण्यास सांगून कांटा पाहावा. भरलेली बॅटरी सेल्फच्या वेळीं १० व्होल्टांच्या फार खालीं उतरली तर बॅटरी थकली आहे. शेवटीं इंजिन चालूं असतां मीटर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसला पाहिजे. १३ च्या खालीं असेल तर अल्टरनेटर वीज देत नाहीं, किंवा पट्टा घसरतो. १५ च्या वर असेल तर रेग्युलेटर बिघडून बॅटरी उकळत आहे व दिवे वारंवार जातील. उन्हाळ्यांत नांदेडास पारा ४२ अंशांवर जातो, आणि बॅटरीस थंडीपेक्षां उष्णता अधिक मारक असते. हिवाळ्यांत जी बॅटरी मरते ती बहुधा उन्हाळ्यांतच आजारी पडलेली असते. तिच्यांत बोअरचें किंवा नळाचें पाणी कधींही घालूं नये.

बॅटरी भरलेली, तरी सेल्फ नुसता टक् करून थांबतो, असें झाल्यास दोष बहुधा जोडांत, आणि त्यांतही अर्थिंगांत असतो. बॅटरीचें ऋण टोंक एका जाड पट्टीनें गाडीच्या सांगाड्यास व इंजिनास जोडलेलें असतें. इंजिन रबरी माउंटिंगांवर बसलेलें असल्यामुळें या पट्टीवांचून विजेस परतीची वाट नाहीं. आपल्या काळ्या मातीचा चिखल, शेणखताची ओल व गंज यांनीं त्या पट्टीचा जोड कुजतो. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोंकावर व दुसरी इंजिनाच्या स्वच्छ घांसलेल्या धातूवर धरून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टाहून अधिक आंकडा आला तर अर्थिंग खराब. जोड सोडवून, कानस-कागदानें चकचकीत घांसून, घट्ट आवळून वर व्हॅसलीन लावलें कीं मेलेली गाडी जिवंत होते. खर्च पांच-पन्नास रुपयांचाही नाहीं. डावें वळण-दिवा लावतांच मागचा दिवा मिणमिणतो, ब्रेक दाबतांच दुसराच दिवा लागतो, असले चमत्कार दिसले तर तेही अर्थिंगाचेच समजावे.

तार तपासण्यास मीटरपेक्षां तो लहान दिवा अधिक खरा. कुजलेल्या तारेंत एक केंसाएवढा धागा शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवितो, कारण त्यास वीज जवळ जवळ लागतच नाहीं. दिव्यास वीज ओढावी लागते. तो मंद लागला कीं तार आंतून गेली हें तेव्हांच कळतें.

जुन्या मिस्त्र्यांची एक खोड मात्र मोडली पाहिजे. चालत्या इंजिनावर बॅटरीची तार काढून "बंद पडली नाहीं, म्हणजे अल्टरनेटर चांगला" अशी परीक्षा ते करितात. डायनॅमोच्या काळांत ती खपून जात असे. अल्टरनेटरांत डायोड असतात; बॅटरीचा आधार एकाएकीं काढल्यानें विजेची उसळी येऊन ते जळतात, आणि चांगला अल्टरनेटर त्या परीक्षेंतच मरतो.

सेल्फ जोरानें फिरतो पण इंजिन पेटत नाहीं, अशा वेळीं डिझेलमध्यें हवा धरली असें म्हणून नळ्या सोडण्यापूर्वीं पंपावरील एक लहान तार पाहावी. किल्ली फिरवितांच या तारेनें पंपांतील डिझेलची वाट उघडते. किल्ली लावतांच पंपावर टक् असा बारीक आवाज आला पाहिजे. तो नसल्यास तार सुटली, गंजली किंवा तिचा फ्यूज गेला. धक्क्याच्या रस्त्यावर गाडी मध्येंच बंद पडून पुन्हां आपोआप सुरू होते, त्याचेंही कारण पुष्कळदां हीच तार. त्यानंतर डिझेलच्या फिल्टरखालचा पेंच सोडून पाणी सांचलें आहे कीं काय तें पाहावें. पिंपांत साठविलेलें डिझेल घालणाऱ्यांनीं तर हें दरमहा करावें.

फ्यूज गेला म्हणून त्याच्या जागीं सिगारेटच्या पाकिटाची चांदी किंवा जाड तार बसविण्याची चाल सर्वत्र आहे. फ्यूजचें काम तार जळण्यापूर्वीं स्वतः जळण्याचें. त्याचें काम काढून घेतल्यावर जळण्याची पाळी तारेवर व मग गाडीवर येते. वरून जादा दिवे, मोठे हॉर्न व गाण्याचें यंत्र हीं सर्व मूळच्या तारेंतूनच जोडलेलीं असतात. गाडीचे पुढचे दोन दिवे ६० वॅटचे असले तर सुमारें १० अँपिअर वीज घेतात. तेथेंच १०० वॅटचे बसविले तर १६-१७ अँपिअर. बटण व तार त्या पहिल्या मापाचीं, म्हणून तीं तापून वितळतात. जादा दिवे हवेतच असतील तर रिले व वेगळा फ्यूज घालून, जाड तार थेट बॅटरीपासून आणून बसवावे.

दुसरा शत्रु उंदीर. गाडी गोठ्यांत, कडब्याच्या गंजीजवळ किंवा सोयाबीनच्या पोत्यांशेजारीं उभी केली म्हणजे उंदीर रात्रीं उबेकरितां इंजिनावर येतात व तारा कुरतडतात. आठ दिवस गाडी काढली नाहीं तर सुरू करण्यापूर्वीं बॉनेट उघडून पाहावें.

उभ्या गाडीची बॅटरी दोन-तीन दिवसांत उतरत असेल, व वरील मापें सर्व ठीक असतील, तर वीज कोठें तरी झिरपते आहे. सर्व बंद करून अर्ध्या तासानें बॅटरीचें ऋण टोंक काढावें व टोंक आणि तार यांच्यामध्यें मीटर अँपिअरवर लावून जोडावा. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. त्याहून अधिक असल्यास एक एक फ्यूज काढीत जावें. जो काढतांच आंकडा पडतो त्या वाटेवर चोर आहे. बहुधा तो गाण्याच्या यंत्रांत, मागाहून लावलेल्या कुलपाच्या यंत्रांत किंवा अल्टरनेटरच्या जळक्या डायोडांत सांपडतो. मीटर जोडलेला असतां सेल्फ मारूं नये; मीटर जळेल.

ज्या गाड्यांचें इंजिन कॉमन रेल पद्धतीचें आहे, त्यांस वरील पट्ट्याच्या, अर्थिंगाच्या व बॅटरीच्या परीक्षा तशाच लागू आहेत. परंतु नळीचें नट सैल करण्याची युक्ति त्यांवर कधींही करूं नये. त्यांत डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक असतो. त्यांचे नोझलाचे दोष स्कॅनर लावूनच पाहावे, आणि स्कॅनरनें दाखविलेला क्रमांक मालकानें कागदावर उतरून घ्यावा. क्रमांक सेन्सरचें नांव सांगतो म्हणून सेन्सरच बदलावा असें नाहीं. अर्थिंग कमजोर असल्यास चांगला सेन्सरही खोटा आंकडा पाठवितो.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनींही याच क्रमानें पाहावें. विकणाऱ्यास आधीं कळवून सकाळींच जावें, आणि बॉनेटवर हात ठेवावा. तें उबदार लागलें तर गाडी आधीं तापवून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशीं पुन्हां यावें. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, व पुढें दर ५ वर्षांनीं तपासणी होऊन ती नवी करावी लागते. त्याची फी एप्रिल २०२२ पासून पुष्कळ वाढली आहे. लातूरचे एम. एच. २४ व नांदेडचे एम. एच. २६ या क्रमांकाचे कागद हातांत घेऊन ती मुदत कधीं संपते तें पाहावें, आणि मुदत जवळ असल्यास दिवे, हॉर्न व ब्रेक यांचा दुरुस्तीखर्च व ती फी किंमतींतून वजा करून मगच सौदा करावा.